एफ-ओ, टे-ओ आणि सोमवारचा आठवडा

नेदरलँड्समध्ये सॉफ्टवेअरच्या कामात पडलेल्या माणसाला डच भाषा येवो न येवो, दोन शब्द पहिल्या महिन्यातच येऊ लागतात: 'एफ-ओ' आणि 'टे-ओ'. एफ-ओ म्हणजे 'फुंक्शोनेल ओंटवेर्प' आणि टे-ओ म्हणजे 'टेक्निश ओंटवेर्प'. ओंटवेर्प म्हणजे आराखडा. सिस्टिमने काय करायचे ते एफ-ओमध्ये लिहायचे, आणि ते कसे करायचे हे टे-ओमध्ये. आपल्याकडे यालाच फंक्शनल स्पेक आणि टेक्निकल स्पेक म्हणतात. इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला सॉफ्टवेअर इंजिनियरिंगच्या पेपरात यावर हमखास पाच मार्कांचा प्रश्न असतो, आणि 'एकात काय, दुसऱ्यात कसे' एवढे लिहिले की पाचपैकी चार मार्क मिळतात.

उरलेला एक मार्क कशाचा, हे मला इथे येऊन नोकरी करू लागल्यावर कळले. आजचा लेख त्या एका मार्काबद्दल आहे.

आधी थोडा इतिहास. डच लोकांना ही विभागणी इतकी अंगवळणी का पडली, याचे एक मोठे कारण 'एसडीएम' नावाची पद्धत. १९७० च्या दशकात 'पांडाटा' या कंपनीने ती तयार केली. (नावाची गंमत अशी की ही कंपनी पीटीटी म्हणजे डच टपाल-तार खाते, अक्झो ही रसायन कंपनी आणि नॅशनाले-नेदरलांडेन ही विमा कंपनी या तिघांनी मिळून काढली. पी, ए, एन आणि पुढे डाटा!) एसडीएममध्ये प्रकल्पाचे सात टप्पे असत: नियोजन, व्याख्या, मूळ आराखडा, तपशीलवार आराखडा, बांधणी, स्थापना आणि देखभाल. एका टप्प्याचा कागद तयार झाला की त्यावर ग्राहकाने सही करायची आणि मगच पुढे सरकायचे. ती पद्धत आता कुणी नावानिशी वापरत नाही, पण तिने लावलेली सवय राहिली आहे. आधी एफ-ओ, त्यावर सही, मग टे-ओ.

या सहीला पैशाचेही वजन आहे. आयबीएममधल्या अ‍ॅलन अल्ब्रेख्ट यांनी १९७९ मध्ये 'फंक्शन पॉइंट' मोजण्याची पद्धत मांडली. सिस्टिम कुठल्या भाषेत लिहिली आहे, किती ओळींची आहे याच्याशी देणेघेणे न ठेवता ती वापरणाऱ्याला काय काय करून देते ते मोजायचे. नेदरलँड्समध्ये ही पद्धत चांगलीच रुजली. १९८९ मध्ये यासाठी 'नेस्मा' ही संघटना निघाली आणि तिची मोजणी पुढे आंतरराष्ट्रीय मानक झाली. म्हणजे नुसता एफ-ओ हातात घेऊन प्रकल्पाचा आकार मोजता येतो आणि त्यावरून किंमत ठरवता येते. मग एखादे वाक्य एफ-ओत आहे की टे-ओत, हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. वाक्य एफ-ओत असेल आणि सिस्टिम तसे करत नसेल तर तो दोष, दुरुस्ती फुकट. वाक्य तिथे नसेल तर तो 'बदल', आणि बदलाचे वेगळे बिल.

आता या विभागणीमागचा विचार बघू. तो सगळ्यात स्पष्टपणे सांगितला एड्सगर डायक्स्ट्रा यांनी. जन्म रॉटरडॅमचा, १९३०. अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित केंद्रात सुरुवात, मग आइंडहोवेनच्या तंत्र विद्यापीठात प्राध्यापक, नंतर अमेरिकेत ऑस्टिनला, आणि २००२ मध्ये आइंडहोवेनजवळच्या न्यूनेन गावी मृत्यू. एका वेळी एकाच बाजूकडे नीट लक्ष द्यावे, बाकीच्या बाजू तेवढ्यापुरत्या बाजूला ठेवाव्यात, हा त्यांचा आग्रह १९७४ च्या एका टिपणात आहे. १९८८ च्या एका लेखात ते म्हणतात की फंक्शनल स्पेसिफिकेशन ही दोन प्रश्नांच्या मध्ये उभी केलेली आगप्रतिबंधक भिंत आहे. भिंतीच्या एका बाजूचा प्रश्न: असे यंत्र मिळाले तर ते आपल्याला हवेसे वाटेल का? दुसऱ्या बाजूचा प्रश्न: हे यंत्र लिहिल्याप्रमाणे वागते का? पहिल्याचे उत्तर गणिताने मिळत नाही. ते माणसांना विचारून, वापरून पाहूनच मिळते. दुसऱ्याचे मिळू शकते.

यात नीट बघण्यासारखी गोष्ट अशी की डायक्स्ट्रांची भिंत दोन प्रश्नांमधली आहे. आपण व्यवहारात ती दोन माणसांमध्ये, दोन खात्यांमध्ये आणि हल्ली तर दोन देशांमध्ये बांधतो. एफ-ओ युट्रेख्टमध्ये लिहायचा, टे-ओ हिंजवडीत. 'बिझनेस'वाल्यांनी भिंतीपलीकडे बघायचे नाही, 'टेक्निकल'वाल्यांनी अलीकडे. तिथे गोंधळ सुरू होतो.

लग्नाच्या स्वयंपाकाचे उदाहरण घेऊ. यजमान आचाऱ्याला सांगतात: पाचशे पाने, मठ्ठा-जिलबी, मसालेभात, बारा वाजता पहिली पंगत. हा झाला एफ-ओ. किती चुली मांडायच्या, गॅस की लाकडे, जिलबीचे पीठ केव्हा भिजवायचे हा टे-ओ. त्यात यजमानांनी नाक खुपसू नये. पण घरात चातुर्मास पाळणारी आजी असेल तर यजमान आणखी एक वाक्य सांगतात: कांदा-लसूण नको. आता हे वाक्य कुठल्या वहीत जायचे? दिसायला ते सरळसरळ पाककृतीतले आहे, 'कसे' करायचे ते सांगणारे. पण आचाऱ्याने ते आपल्या मर्जीने बदलले तर आजी पानावरून उठेल. म्हणजे ते यजमानांचेच आहे. उलट 'जिलबी मोठ्या कढईत तळा' असे यजमान म्हणाले तर ते त्यांच्या तोंडून आले म्हणून एफ-ओ होत नाही. कढई लहान असली तरी जिलबी तीच.

'काय' आणि 'कसे' या शब्दांनी रेघ नीट आखली जात नाही ती अशी. आचाऱ्याचे 'कसे' हे भांडी घासणाऱ्या बाईचे 'काय' असते. हवी तेवढी खाली-वर सरकणारी ही जोडी आहे. मला उपयोगी पडलेली कसोटी वेगळी आहे: हे वाक्य उद्या बदलायचे झाले तर कुणाला विचारावे लागेल? ज्याला विचारावे लागेल त्याच्या वहीत ते वाक्य जायला हवे, मग ते दिसायला कितीही तांत्रिक असो.

याचे सगळ्यात सुंदर उदाहरण युरोपनेच दिले आहे. गिल्डर जाऊन युरो आला तेव्हा दर ठरला १ युरो = २.२०३७१ गिल्डर. आता गिल्डरचे युरो करायचे तर भागाकार करायचा. पण कुठलाही प्रोग्रामर म्हणेल की प्रत्येक वेळी कशाला भागा, एकदाच उलटा दर काढून ठेवू, ०.४५३७८, आणि गुणत सुटू. 'कसे' करायचे ते प्रोग्रामरनेच ठरवायचे ना? पण १९९७ च्या युरोपीय नियमात स्पष्ट लिहिले आहे की दर सहा सार्थ अंकांचेच वापरायचे, ते पूर्णांकित करायचे नाहीत, आणि उलटे दर वापरायचे नाहीत. गिल्डरचे जर्मन मार्क करायचे असतील तरी आधी युरोत जायचे आणि मधली रक्कम किमान तीन दशांश स्थळांपर्यंत ठेवायची.

गुणायचे की भागायचे हे कायद्याने सांगावे, हे कुणाला हास्यास्पद वाटेल. पण दहा लाख गिल्डर घ्या. २.२०३७१ ने भागले तर ४,५३,७८०.२२ युरो येतात. ०.४५३७८ ने गुणले तर बरोबर ४,५३,७८०.०० येतात. बावीस सेंटचा फरक. एका बँकेने भागले आणि दुसरीने गुणले तर दोघींच्या वह्या कधीच जुळणार नाहीत, आणि अशा लाखो रकमा असतील तर कुणाचे तरी पैसे कुणाच्या तरी खिशात जातील. इथे भागाकार हा 'कांदा-लसूण नको' च्या जातीचा आहे. बदलायचा तर ब्रुसेल्सला विचारावे लागेल. प्रोग्रामरला तो अधिकार नाही.

आता माझ्या समोर घडलेली गोष्ट सांगतो. बागकामाच्या सामानाचा घाऊक व्यापार करणारी एक डच कंपनी. (नाव सांगत नाही, आणि तिचे काम करणाऱ्या पुण्यातल्या कंपनीचेही नाही.) ऑर्डर घेण्याची नवी सिस्टिम बांधायचे काम पुण्याला दिलेले. एफ-ओ इथे डचमध्ये लिहिला गेला, मग त्याचे इंग्रजी झाले. टे-ओ आणि कोड पुण्यात. २०१८ च्या वसंत ऋतूपासून चाचण्या झाल्या आणि शरद ऋतूत सिस्टिम सुरू झाली. सगळे छान.

जानेवारी २०१९ मध्ये गोदामातून तक्रारी येऊ लागल्या. काही माल दुकानांच्या दारात एक आठवडा आधीच जाऊन उभा राहत होता. दुकानदार म्हणत, आम्ही हा पुढच्या आठवड्यात मागवला होता, आत्ता ठेवायला जागा नाही, परत न्या. सगळ्या ऑर्डरींचे असे होत नव्हते. कुणीतरी यादी काढली तेव्हा कळले की फक्त सोमवारी घेतलेल्या ऑर्डरी चुकत होत्या.

इथे डच आठवड्याबद्दल सांगायला हवे. डच माणूस तारखेपेक्षा आठवड्याच्या क्रमांकात जास्त बोलतो. 'माल सत्ताविसाव्या आठवड्यात मिळेल', 'मी एकतीस ते तेहतीस सुट्टीवर आहे'. ऑफिसातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर हे आकडे छापलेले असतात. त्यांचा नियम आंतरराष्ट्रीय मानकाचा आहे: आठवडा सोमवारी सुरू होतो, आणि ज्या वर्षात त्या आठवड्याचा गुरुवार पडतो त्या वर्षाचा तो आठवडा. आपल्याकडे सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची तिथी, तसाच हा प्रकार. त्यामुळे ३१ डिसेंबर २०१८ हा सोमवार २०१९ च्या पहिल्या आठवड्यात गेला. काही वर्षांना त्रेपन्नावा आठवडाही येतो, आपल्या अधिक महिन्यासारखा. २०१५ ला आला, २०२० ला आला.

आता ओरॅकल डेटाबेसमध्ये तारखेवरून आठवडा काढायचे दोन मार्ग आहेत. 'आयडब्ल्यू' लिहिले तर वरच्या मानकाप्रमाणे आकडा मिळतो. 'डब्ल्यूडब्ल्यू' लिहिले तर १ जानेवारीपासून सात-सात दिवस मोजून मिळतो, वार कुठलाही असो. पुण्याच्या टे-ओमध्ये 'डब्ल्यूडब्ल्यू' होते. २०१८ मध्ये १ जानेवारीलाच सोमवार होता, त्यामुळे ३० डिसेंबरपर्यंत दोन्ही आकडे तंतोतंत सारखे! वर्षभर कितीही चाचण्या केल्या असत्या तरी त्या वर्षाच्या तारखांवर काहीही दिसले नसते. २०१९ ची १ जानेवारी मंगळवारी आली आणि दोन मोजण्या एका दिवसाने सरकल्या. सोमवार ७ जानेवारी हा भिंतीवरच्या कॅलेंडरप्रमाणे दुसऱ्या आठवड्यातला, सिस्टिमच्या मते पहिल्या. 'दोन आठवड्यांनी द्या' म्हटले की सिस्टिम एक अधिक दोन म्हणजे तिसरा आठवडा छापायची. गोदामवाला भिंतीकडे बघून तिसऱ्या आठवड्यात माल पाठवायचा. द्यायचा होता चौथ्यात.

दुरुस्ती एका अक्षराची. भांडण मात्र दीड महिन्याचे. चुकीचे आकडे पडलेल्या ऑर्डरी शोधून सुधारायच्या, परत आलेल्या मालाची वाहतूक, नाराज दुकानदार, हा सगळा खर्च कुणी सोसायचा? माझे मूळ काम संशोधनाचे. पण पुण्याच्या लोकांशी त्यांच्या भाषेत बोलू शकेल आणि दोन्हीकडचे कागद वाचू शकेल असा तिऱ्हाईत माणूस हवा म्हणून दोन्ही पक्षांनी मला बोलावले. काम एकच: दोष कुठल्या कागदात आहे ते सांगा.

डच बाजूचे म्हणणे: एफ-ओमध्ये 'आठवडा क्रमांक' असे स्पष्ट लिहिले आहे. सिस्टिम जो दाखवते तो आठवडा क्रमांक नाहीच. म्हणजे दोष, दुरुस्ती फुकट. पुण्याचे म्हणणे: कुठला आठवडा ते एफ-ओत नाही. आम्ही टे-ओमध्ये 'डब्ल्यूडब्ल्यू' लिहिले, ते तुम्हाला पाठवले, तुम्ही त्यावर सही केलीत. म्हणजे बदल, पैसे द्या. कागदावर दोघेही बरोबर. डच बाजूने टे-ओवर सही केली होती हे खरे, पण ती पाने त्यांच्यापैकी कुणी वाचली नव्हती, कारण 'ते टेक्निकल आहे'.

पुण्यात मात्र एव्हाना दोष कुणाचा हे ठरून गेले होते. टे-ओचे ते पान नाशिकच्या एका तरुण इंजिनियर मुलीने लिहिले होते. कामाला लागून तिला दोनच वर्षे झाली होती. वार्षिक मूल्यमापनाचे दिवस होते. या प्रकल्पासाठी तिला सहा महिने इथे पाठवायचे ठरले होते, ते थांबवले गेले. मी फोन केला तेव्हा ती आधी काही बोलेना. मग म्हणाली, "सर, मी विचारलं होतं. शंकांची शीट बघा ना, त्यात आहे."

शंकांची शीट म्हणजे अशा प्रकल्पांत दोन्ही बाजूंमध्ये फिरणारी एक्सेलची फाइल. एका रकान्यात पुण्याचा प्रश्न, शेजारी इथले उत्तर. शेकडो ओळी. त्यात तिची ओळ सापडली. आठवडा कुठल्या पद्धतीने मोजायचा, १ जानेवारीपासून की सोमवारपासून, असा नेमका प्रश्न होता. शेजारच्या रकान्यात इथल्या अ‍ॅनॅलिस्टचे उत्तर: हा तांत्रिक तपशील आहे, टे-ओमध्ये तुम्ही ठरवा.

मी त्या अ‍ॅनॅलिस्टला भेटलो. सज्जन माणूस, वीस वर्षांचा अनुभव. त्याने उत्तर टाळण्यासाठी तसे लिहिले नव्हते. त्याला प्रश्नच कळला नव्हता. आठवडा मोजायच्या दोन पद्धती असू शकतात हे त्याच्या स्वप्नातही नव्हते. आठवडा म्हणजे आठवडा, भिंतीवर छापलेला असतो! प्रश्नात 'फंक्शन', 'फॉरमॅट' असे शब्द दिसले आणि त्याने तो प्रश्न भिंतीपलीकडे टाकला. ज्या गोष्टी आपल्याला श्वासासारख्या वाटतात त्या कुणी एफ-ओत लिहीत नाही, आणि परक्याला नेमक्या त्याच कळत नाहीत. आपल्याकडच्या कुणाला 'सत्ताविसाव्या आठवड्यात या' म्हटले तर तो कॅलेंडर उलटेपालटे करून बघेल. उलट एखाद्या डच माणसाला 'दिवाळीनंतर बघू' म्हटले तर त्याला तारीख कुठे सापडणार?

आणखी एक गोष्ट. तिने एकदा विचारले, उत्तर आले, विषय संपला. इथल्या एखाद्या पोरीने तेच उत्तर वाचून लगेच फोन उचलला असता: 'तुला माझा प्रश्न कळलेला नाही.' आपल्याकडे ग्राहकाला असे म्हणायची पद्धत नाही. डच माणसाला यात उद्धटपणा वाटत नाही, उलट न विचारण्याचेच नवल वाटते. हा दोघांच्या वळणातला फरक आहे आणि त्यासाठी कुणा एकाला दोष देता येणार नाही. पण भिंत दोन देशांत बांधायची तर हे माहीत असायला हवे.

मी अहवालात एवढेच लिहिले की आठवडा मोजण्याची पद्धत हा पुण्याने ठरवण्याचा विषय नव्हता, कारण ती बदलली तर गोदाम, दुकानदार आणि ट्रकवाले या सगळ्यांना सांगावे लागते. पुण्याने हे ओळखून लेखी विचारले होते. निर्णय डच बाजूचा होता, तो तिने घेतला नाही. म्हणून बदल, आणि त्याचा खर्च ग्राहकाकडे. सोबत त्या ओळीची प्रत जोडली आणि अहवाल दोन्हीकडच्या व्यवस्थापकांना एकाच वेळी पाठवला. डच व्यवस्थापकाने तो दोनदा वाचला, एक उसासा टाकला आणि मान्य केला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ती मुलगी इथे आली. पहिल्या दिवशी तिच्या टेबलासमोर भिंतीवर कुणीतरी आठवड्यांचे कॅलेंडर लावून ठेवले होते. डच विनोद!

या एका गोष्टीवरून कुणी म्हणेल की मग हे दोन कागद ठेवूच नका, एकत्र बसा, एकच लिहा. हल्ली अजाइलच्या दिवसांत तसेच म्हणतात. एफ-ओची जागा यूजर स्टोरीने घेतली आहे. एकत्र बसण्याला माझा विरोध नाही. ती मुलगी आणि तो अ‍ॅनॅलिस्ट एका खोलीत असते तर हा प्रकार चहाच्या कपावर मिटला असता. पण विभागणीचा एक फायदा असा आहे की तो वर्षांनी मोजावा लागतो, आणि त्याचे उदाहरणही याच देशात आहे.

नेदरलँड्समध्ये प्रत्येक रहिवाशाची नोंद त्याच्या नगरपालिकेत असते. पूर्वी ती कार्डांवर असे. १ ऑक्टोबर १९९४ पासून ती संगणकावर आली. तेव्हा सहाशेहून जास्त नगरपालिका होत्या, आणि सरकारने सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर दिले नाही. त्याऐवजी 'लोखिश ओंटवेर्प' म्हणजे तार्किक आराखडा नावाचा एक जाडजूड कागद दिला. माणसाच्या नोंदीत कुठले गट असतील (स्वतः, आईवडील, राष्ट्रीयत्व, विवाह, मृत्यू, पत्ता, मुले...), प्रत्येक गटात कुठले रकाने, माणूस एका गावातून दुसऱ्या गावी गेला की कुठला निरोप कुणी कुणाला पाठवायचा, हे सगळे त्यात. सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीचे घ्यायचे ते नगरपालिकेने ठरवावे. आराखड्याप्रमाणे बोलले म्हणजे झाले. यंत्रे बदलली, कंपन्या एकमेकींनी गिळल्या, पण आराखडा सुधारत सुधारत चालू राहिला.

गंमत म्हणजे पुढे सरकारने ही सगळी जुनी व्यवस्था काढून एक नवी, आधुनिक, मध्यवर्ती व्यवस्था बांधायला घेतली. २०१४ मध्ये कायदा बदलला, नोंदवहीचे नावही बदलले. पण नवे सॉफ्टवेअर काही पुरे होईना, आणि जुलै २०१७ मध्ये सुमारे दहा कोटी युरो खर्चून झाल्यावर मंत्र्यांनी ते थांबवले. (त्याआधी २०१४ मध्येच संसदेच्या चौकशी समितीने सांगितले होते की सरकारचा आपल्या आयटी प्रकल्पांवर ताबा नाही, आणि दरवर्षी १ ते ५ अब्ज युरो वाया जात असावेत.) देश मात्र अडला नाही. नगरपालिका जुन्या आराखड्यावर काम करत राहिल्या. काय हवे ते नीट लिहून ठेवलेले असेल तर कसेची एक इमारत कोसळली तरी संसार उघड्यावर येत नाही, तो असा.

या आराखड्याशी आपल्यासारख्यांची गाठ पडते ती नावामुळे. त्यात माणसाच्या नावाचे तीन मुख्य रकाने आहेत: स्वतःची नावे, आडनावाच्या आधीचे 'फान', 'दे', 'फान देर' असले शब्द, आणि आडनाव. 'फान देर'ला वेगळा रकाना का? कारण डच यादीत 'फान देर बेर्ख' हा माणूस 'ब'मध्ये शोधायचा असतो, 'फ'मध्ये नाही. वडिलांच्या नावाला मात्र रकाना नाही. आपल्या पासपोर्टवर स्वतःचे आणि वडिलांचे नाव एकाच ओळीत असेल तर ती दोन्ही 'स्वतःची नावे' म्हणून नोंदली जातात, आणि पुढे सरकारी पत्रावर आद्याक्षरे येतात ती दोन. माझ्या वडिलांचे आद्याक्षर असे करसंकलन खात्यापासून पाणीपट्टीपर्यंत सगळ्यांच्या पाकिटांवर आहे. नगरपालिकेच्या खिडकीतल्या बाईंना मी हे सांगून पाहिले. त्या हसून म्हणाल्या, "मी बदलू शकत नाही, आणि सॉफ्टवेअरवालेही नाहीत." माझ्या दृष्टीने हे एफ-ओचे उत्तम लक्षण आहे. कुणाला विचारायचे ते खिडकीतल्या बाईंनाही ठाऊक होते: कायदा करणाऱ्यांना.

ही रेघ कायमची आखून ठेवता येत नाही, हेही खरे. सर्व्हर कुठल्या देशात ठेवायचा हे एके काळी टे-ओच्या शेवटच्या पानावर असे, कुणी बघतही नसे. वैयक्तिक माहितीचा नवा युरोपीय कायदा २५ मे २०१८ पासून लागू झाल्यावर माहिती युरोपबाहेर जाणार का, हा प्रश्न थेट संचालकांच्या टेबलावर गेला. ज्या दिवशी एखाद्या तपशिलासाठी नवा माणूस विचारावा लागतो, त्या दिवशी तो तपशील भिंत ओलांडतो. आणि प्रत्येक बारीकसारीक गोष्ट विचारत बसलो तर काम पुरे व्हायचे नाही, हा आक्षेपही मला मान्य आहे. आचाऱ्याने मिठाच्या चमच्यासाठी यजमानांना उठवू नये.

म्हणून मी आता स्वतःपुरती एक साधी सोय केली आहे. शंकांच्या शीटमध्ये प्रश्न आणि उत्तर यांच्या जोडीला तिसरा रकाना ठेवतो: 'हे बदलले तर कुणाला कळवावे लागेल?' त्यात 'कुणालाच नाही' असे लिहिता आले तर प्रश्न टे-ओचा, खुशाल ठरवा. एकाही बाहेरच्या माणसाचे नाव आले तर तो एफ-ओचा, आणि त्या माणसाकडूनच उत्तर आणायचे. भरायला अर्धा मिनिट लागतो. कधी कधी तो रकाना भरतानाच समोरचा माणूस थबकतो आणि म्हणतो, थांब, हे मला गोदामात विचारायला हवे.

असो. तुमच्यापैकी जे पुण्या-मुंबईत, बंगलोरला बसून कुणा परदेशी ग्राहकाचे काम करतात त्यांना 'ते टेक्निकल आहे, तुम्हीच ठरवा' हे उत्तर रोज मिळत असेल. पुढच्या वेळी मिळाले तर भीड न बाळगता एवढेच परत लिहा: ठीक आहे, ठरवतो, पण उद्या आम्ही ते तुम्हाला न विचारता बदलले तर चालेल ना?